तेरा तारखेचा रकाना

१ – हजर

अस्फावचं बोट माझ्या हजेरीपटावरून खाली सरकत होतं.

नखात जांभळी शाई होती. बोट एकेका नावाशी थांबे, रेघ बघे, पुढे जाई. हजर. हजर. हजर. रकान्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात आकडा होता, १३.

आम्ही हेडमास्तरांच्या खोलीत होतो. सकाळचे दहा वाजले होते. हेडमास्तर बेयेने स्वतःच्याच खोलीत उभे होते, कारण त्यांच्या खुर्चीवर अस्फाव बसला होता. खिडकीपाशी बंदूकवाला. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. तो राजधानीतून आला होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. अस्फाव माझ्याशी इंग्रजीत बोले आणि त्याच्याशी त्यांच्या अम्हारिक भाषेत.

बोट थांबलं.

"सत्तावीस नंबर. इथे 'ए' आहे. गैरहजर. कोण ही?"

मी वहीवरचं माझंच अक्षर बघत राहिलो.

"मिस्टर रत्नाकर. कोण?"

"त्सेहाय," मी म्हणालो.

बंदूकवाल्याने ते नाव हळूच परत उच्चारलं. पाठ करायला घ्यावं तसं.

आणि मला कळत होतं की हा रकाना चुकीचा आहे.

२ – हजर

हे १९७७ सालचं. इथिओपियातलं एक डोंगरातलं गाव, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या सरकारी हायस्कुलात मी इंग्रजीचा शिक्षक होतो. मी रत्नाकर उजागरे, राहणार अहमदनगर. वडील राहुरीच्या मिशन शाळेत हेडमास्तर. राजाचं राज्य होतं तेव्हापासून तिकडे हिंदुस्थानातून शिक्षक जात. मी गेलो तोवर राजा जाऊन लष्कर आलं होतं. करारपत्र मात्र जुनंच राहिलं, फक्त वरचा शिक्का बदलला.

परदेशी शिक्षकाला कसं सांभाळायचं याची त्या शाळेची एक पद्धत होती. राहायला घर. घराला पत्रा आणि कुंपण. बाजारहाटाला आणि दवाखान्यात दुभाषी म्हणून वरच्या वर्गातली एक हुशार मुलगी; आमच्याकडे त्सेहाय. आणि पहिल्या दिवशी बेयेनेंनी बोटांवर मोजून दाखवलेली कलमं.

"शनिवारच्या चर्चासभेला यायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. पत्राशिवाय गाव सोडायचं नाही."

"आणि चौथं?"

"विचारायचं नाही. तुम्ही पाहुणे आहात, मिस्टर रत्नाकर. पाहुण्याला काही माहीत नसलं की पाहुणा सुखरूप."

बेयेने पन्नाशीचे होते, वाकून चालायचे, कोटाच्या खिशात कायम भाजलेले हरभरे. मला ते आवडले. वाटलं, माणूस काळजी घेणारा आहे.

त्यांची दिनदर्शिका वेगळी. वर्ष सात-आठ वर्षं मागे, आणि महिने आपल्या महिन्यांच्या मध्येच कुठेतरी सुरू होणारे. स्टाफरूमच्या दारावर माझ्यासाठी टंकलिखित तक्ता लावला होता. त्यांची तारीख कुठली, आमची कुठली. तरी मी चुकायचोच. जानेवारीत बेयेनेंच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं बोलावणं आलं, तारीख तेरा. आम्ही आपल्या तेरा तारखेला शेंगदाण्याचे लाडू घेऊन, माझ्या बायकोने, सुवार्ताने, नऊवारी नेसून, त्यांच्या दारात हजर. ती माणसं घर सारवत होती.

"आठ दिवस लवकर आलात!" बेयेने हसून हसून खाली बसले. "आणि वर्षांचं म्हणाल तर आठ वर्षं!"

लाडू मात्र ठेवून घेतले. "परत करून आणा हं, एकवीस तारखेला," म्हणाले.

माझा हजेरीपट मी आपल्याच तारखांनी ठेवी. बेयेने म्हणाले होते, चालेल, मला लावता येतो हिशेब. जानेवारीत आठ दिवसांचा फरक, एप्रिलमध्येही आठच. त्यांची तेरा म्हणजे आपली एकवीस. एवढं लक्षात ठेवा.

आणि अस्फाव. तो पोस्टात खिडकीवर होता. दर शनिवारी मी घरची पत्रं टाकायला जाई. तो तोलायचा, दोनदा शिक्का मारायचा, ठप्प, ठप्प, आणि म्हणायचा, "मिस्टर रत्नाकर, तुमचे वडील एवढं वाचतात?" भारतातून आलेल्या पाकिटांवरची तिकिटं तो मुलासाठी मागून घेई. फेब्रुवारीत त्याला लष्कराने नेमलेल्या गावच्या कमिटीत घेतलं. घेतलं, असंच म्हणायचं. नको म्हणायची सोय नव्हती. त्यानंतर त्याच्या कमरेला पिस्तूल दिसायला लागलं आणि तिकिटं मागणं बंद झालं.

३ – हजर

सोमवारी दुपारच्या सुट्टीत बेयेने माझ्या वर्गात आले. दार लावून घेतलं. हरभरे पुढे केले नाहीत.

"उद्या दहाला कमिटी येतेय. तुमचा हजेरीपट बघायला."

"माझा?"

"आमच्या तेरा तारखेला पहाटे बाजारात सरकारविरुद्ध पत्रकं टाकली गेली. त्या दिवशी शाळेत कोण नव्हतं ते त्यांना हवंय."

त्यांची तेरा म्हणजे आपली एकवीस. गेला गुरुवार. मला वही उघडावी लागली नाही. नऊ 'ए' होते. बेचाळीसपैकी नऊ. मी स्वतः सकाळी पेन्सिलीने ठिपका देऊन दुपारी शाईने पक्के केले होते.

त्या वसंतात तिथे पकडून नेलेली मुलं परत येत नव्हती. एवढंच लिहितो. सकाळी शाळेत येताना रस्त्याच्या एका बाजूला बघायचं नाही, हे मी चौथ्या कलमासारखं पाळायला शिकलो होतो.

"बाकीच्या शिक्षकांच्या वह्या?" मी विचारलं.

बेयेने माझ्याकडे बघत राहिले. लहान मुलाकडे बघावं तसं.

"वर्षभर सगळे हजर. सगळ्यांच्या वहीत, रोज. मुलगा मेला तरी हजर. कमिटी त्या वह्यांवर थुंकते. म्हणून तर तुमची हवी. कमिटी म्हणते, हिंदुस्थानी मास्तर खोटं लिहीत नाही."

"मला कुणीच सांगितलं नाही."

"पाहुण्याला सांगत नसतात."

"दुसरी कोरी वही द्या. मी रात्रीतून..."

"कोऱ्या वह्या मोजून कमिटीत नेल्या परवा. तुमच्या वहीच्या प्रत्येक पानावर शिक्का आणि नंबर आहे." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमचं परतीचं पत्र माझ्या टेबलावर आहे. माझी सही झाली. कमिटीची राहिलीय. मिसेस उजागरेंना घरी जायचंय ना?"

धमकी नव्हती. बातमी सांगावी तसं म्हणाले. आज वाटतं, त्यांना याहून जास्त बोलताच येत नव्हतं. घाबरलेल्या माणसाला फक्त बातम्या सांगता येतात.

४ – हजर

घरी सुवार्ता अंगणात डाळ निवडत होती. ऊन अजून होतं. मी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"फाडा ते पान."

"नंबर आहे."

"मग शाई सांडा त्याच्यावर."

"नेमकी आज सांडली? कोण खरं मानील?"

"अहो, तुम्हाला शाई सांडायलासुद्धा पाळकसाहेबांची परवानगी लागते का?"

"सुवार्ता, ते मला विचारतील, आणि माझ्या तोंडावर दिसेल. तुला माहितीय माझं."

"माहितीय की." तिने हात पुढे केला. "बघू तुमचं पवित्र शास्त्र."

मी वही दिली. तिने एप्रिलचं पान उघडलं आणि एकवीसचा रकाना बोटाने मोजला. नऊ. मग तिचं बोट मागे सरकत गेलं आणि तेरावर थांबलं.

"हा कुणाचा?"

ती रेघ धरून नंबरापर्यंत गेली.

"सत्तावीस. त्सेहाय ना ही?"

"हो."

"तेरा एप्रिलला ती कुठे होती, ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"वर्गात नव्हती."

"माझ्यापाशी होती! माझा हात धरून दवाखान्यात बसली होती दिवसभर. आपलं बाळ गेलं त्या दिवशी, रत्नाकर." एरवी ती मला नावाने हाक मारत नसे. "मी ओरडत होते आणि ती पोर सारखी म्हणत होती, अईझोश, अईझोश. घाबरू नकोस, मी आहे. तुम्हीच पाठवलं होतंत तिला. आणि वर्गात जाऊन तिच्या नावावर हे मांडलंत?"

"वर्गात नसेल तर गैरहजर. वडील म्हणायचे..."

"हजेरीपट खोटा तर मास्तर खोटा. ऐकलंय. लग्नात हुंडा घेतला नाही मामंजींनी, त्याऐवजी हे एक वाक्य दिलं."

तिने वही माझ्या मांडीवर टाकली आणि सूप उचललं. थोड्या वेळाने, मान वर न करता, म्हणाली, "नऊ पोरं आहेत. काहीतरी करा."

मी काहीही केलं नाही. शाईची दौत उघडली आणि परत बंद केली. तीन-चार वेळा.

५ – हजर

तर अस्फावचं बोट.

मंगळवारी दहा वाजता त्याने वही उघडली, एप्रिलचं पान काढलं आणि डोक्यावरचे आकडे बघत तेरावर आला. एकवीसवर नाही. त्याला हवी होती त्यांची तेरा, आणि तो उतरत होता आमच्या तेरामधून. आठ दिवस आधीचा बुधवार. बाप्तिस्म्याला मी जी चूक केली होती तीच.

मी बेयेनेंकडे बघितलं. बेयेने भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. त्यांना आठ दिवसांचा हिशेब येत होता. माझ्या लाडवांवरून तीन महिने चेष्टा केली होती त्यांनी. त्यांच्या कोटाच्या खिशात मूठ आवळलेली दिसत होती.

दोघेही गप्प. मी बोललो तर नऊ. नाही बोललो तर एक.

"बेचाळीस मुलांत एकच?" बंदूकवाल्याने विचारलं. अस्फावने भाषांतर केलं.

"एकच," मी म्हणालो. त्या रकान्यात एकच होता. मी खोटं बोललो नव्हतो.

बंदूकवाल्याने बेयेनेंना हुकूम केला. ते बाहेर गेले आणि त्सेहायला वर्गातून घेऊन आले. सोळा वर्षांची, उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. एकवीस एप्रिलला ती पहिल्या बाकावर होती, फळ्यावरची माझी चूक तिनेच दाखवली होती. त्या वर्गात पूर्ण निर्दोष असं कोणी असेल तर ती. तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. तिने बंदूक पाहिली, मग उघडी वही, मग मला. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. कारण ती हळूच मला म्हणाली, "अईझोह, मिस्टर."

ती मला धीर देत होती.

"ती माझ्या घरी होती," मी म्हणालो. "बायको आजारी होती. शाळेनेच तिला दुभाषी म्हणून दिलंय."

अस्फावने ते सांगितलं. बंदूकवाला खिडकीपासून हलला.

"मग गैरहजर का मांडलं?"

"वर्गात नव्हती म्हणून."

भाषांतर ऐकून तो हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच. मग हसणं थांबलं.

"घरी म्हणजे नक्की कुठे?"

"घरी आणि दवाखान्यात. दिवसभर."

"दवाखान्यात नेलं तर कार्ड असेल."

आणि मी, राहुरीच्या हेडमास्तरांचा मुलगा, विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

"आहे. घरी आहे."

बोललो, आणि मग आठवलं. कार्ड सरकारी दवाखान्याचं. त्यावर तारीख त्यांच्या हिशेबाची. ५-८-६९. आठव्या महिन्याची पाच. तेरा नव्हे. ते कार्ड कुणी वहीशेजारी ठेवलं की आठ दिवसांचा फरक उघडा पडणार. मग बोट तेरावरून उचललं जाणार आणि एकवीसवर टेकणार. त्सेहाय सुटेल ती नऊ जणांच्या बदल्यात, आणि खोट्या रकान्यावर गप्प बसलेला मास्तर म्हणून मीही जाईन. कदाचित बेयेनेही.

"चला," अस्फाव उठला. "घर बघू."

६ – गैरहजर

(शाळा ते घर. दहा मिनिटांचा रस्ता. पुढे बंदूकवाला, मध्ये मी, मागे अस्फाव. मला यातलं काहीही आठवत नाही. बावीस वेळा लिहायला बसलो असेन. रस्ता येत नाही.)

७ – हजर

सुवार्ता आदल्या दिवसासारखीच अंगणात बसली होती. आम्हाला बघून उभी राहिली, पदर खोचलेला होता तो सोडला.

"मराठीत बोलायचं नाही," अस्फाव मला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मिसेस, मियाझ्या महिन्याच्या तेरा तारखेला त्सेहाय इथे होती?"

मियाझ्या हा त्यांचा आठवा महिना; मियाझ्या तेरा म्हणजे एकवीस एप्रिल. त्या दिवशी त्सेहाय शाळेत होती आणि सुवार्ता एकटी घरी पडून होती. तिने खरं सांगायचं ठरवलं तर ती 'नाही' म्हणणार होती. मी तिच्याकडे बघितलं. बघण्यात जेवढं घालता येईल तेवढं घातलं, पण बघण्यात तारीख घालता येत नाही.

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं. मग बंदुकीकडे.

"होती," ती इंग्रजीत म्हणाली. "सकाळपासून. माझं बाळ गेलं त्या दिवशी. तारीख विसरेन का मी?"

अस्फावने सांगितलं. बंदूकवाल्याने दोन शब्द टाकले.

"कार्ड," अस्फाव म्हणाला.

ती आत गेली. आतून बायबलची पानं उलटल्याचा आवाज आला. कार्ड तिने तिथे ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ती बाहेर आली. बंदूकवाल्याचा हात पुढे होता. ती त्याच्या समोरून गेली आणि कार्ड अस्फावच्या हातात दिलं.

अस्फावने ते डोळ्यांजवळ धरलं.

पाच, आठ, एकोणसत्तर. शाईने लिहिलेलं, ठसठशीत. पाचाचा तेरा कुणालाही वाचता येणार नाही. शेजारच्या अंगणात कुणीतरी कॉफीचे दाणे कुटत होतं. तो आवाज तेवढा होता. अस्फावचे ओठ किंचित हलले. त्याने कार्ड उलटं केलं, मागची कोरी बाजू पाहिली, परत सुलटं केलं. वेळ काढत होता. कशासाठी, ते मला कळेना.

मग तो मोठ्याने म्हणाला, "अस्रा सोस्त."

त्यांचे आकडे मला येत होते. अस्रा सोस्त म्हणजे तेरा.

बंदूकवाल्याने हात पुढे केला. त्याला स्वतः बघायचं होतं. अम्हारिक तर त्याला वाचता येतच होती. अस्फावने कार्ड त्याच्याकडे नेलं, अर्ध्या वाटेत थांबला, कोपऱ्यावरचा एक तपकिरी डाग अंगठ्याने दाखवला आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला, कारण तो मी दवाखान्यात दिवसभर ऐकला होता. देम. रक्त.

बंदूकवाल्याने हात मागे घेतला.

अस्फावने कार्ड वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. निघताना दारात थांबला. बंदूकवाला कुंपणापर्यंत पोचला होता.

"मिस्टर रत्नाकर," तो म्हणाला, "तुमच्या हजेरीपटात चुका फार असतात."

आवाज कडक होता. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, दम देतोय.

ते गेल्यावर सुवार्ता मटकन पाटावर बसली. तिचे दात वाजत होते. उन्हात.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं. "ते आपल्या तेराच्या रकान्यात बघत होते ते?"

"तारीख? मला कुठली कळतेय तारीख!" ती म्हणाली. "दारात बंदूक घेऊन कुणी पोरीबद्दल विचारतंय. त्याला काय खरं सांगायचं असतं का? तुम्ही पण ना."

८ – हजर

त्सेहायला दुपारी वर्गात परत पाठवलं. ती आपल्या जागेवर येऊन बसली. मी धडा पुढे शिकवला. कुठला, आठवत नाही. एवढंच आठवतं की तिने त्या दिवशी एकही चूक दाखवली नाही, आणि मी खूप केल्या असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपैकी चार बाकं रिकामी होती. घरच्यांनी रातोरात खेड्यांत पाठवून दिली असतील. किंवा नसतील. मी वही उघडली. पेन्सिलीचा ठिपका न देता सरळ शाई घेतली आणि चौघांच्या नावापुढे रेघ ओढली. हजर. हजर. हजर. हजर. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात. त्या चार रेघा मात्र वाकड्या आल्या.

त्या आठवड्यात बेयेनेंनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक परतीचं पत्र, कमिटीची सही झालेलं. दुसरा माझ्या नोकरीचा दाखला. मी वाचला. पहिल्या ओळीत इंग्रजीचं ज्ञान उत्तम. दुसऱ्या ओळीत वर्तन चांगलं. तिसऱ्या ओळीत, 'यांनी ठेवलेले हजेरीपट विश्वासार्ह नाहीत. या कारणाने करार मुदतीआधी संपवण्यात येत आहे.'

"एक प्रत कमिटीला पाठवली," बेयेने म्हणाले. "आता तुमच्या वहीवरसुद्धा थुंकायला हरकत नाही."

मी दाखल्याची घडी घातली. त्यांनी खिशातून मूठभर हरभरे काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

"पाहुण्याला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक माझी."

९ – हजर

निघायच्या आदल्या शनिवारी शेवटचं पत्र टाकायला पोस्टात गेलो. खिडकीत दुसराच माणूस होता.

"अस्फाव?" मी विचारलं.

"कोण?" त्याने मान वर केली नाही.

"इथे असायचा. अस्फाव."

"इथे मीच असतो."

त्याने पत्र तोललं, तिकीट चिकटवलं आणि एक शिक्का उचलला. ठप्प. तो खाली ठेवला, दुसरा उचलला. ठप्प.

दोन वर्षं तो आवाज ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाकून बघितलं. लाकडी मुठीचे दोन शिक्के, जांभळ्या शाईच्या गादीवर शेजारी शेजारी. एकावर त्यांची तारीख. दुसऱ्यावर, बाहेर देशी जाणाऱ्या टपालासाठी, आमची. दोन्ही रोज सकाळी हाताने फिरवून लावायच्या. अस्फावने ते काम किती वर्षं केलं असेल? त्या गावात आठ दिवसांचा हिशेब जर कुणाला झोपेतही येत असेल, तर तो त्याला. तक्त्याशिवाय.

बोट चुकून तेरावर गेलं नव्हतं.

त्या खोलीत बंदूकवाला सोडून आम्ही तिघे होतो, तिघांनाही रकाना चुकीचा आहे हे माहीत होतं. तिघेही एकमेकांना भीत गप्प बसलो होतो. मला वाटत होतं की मी त्याला फसवतोय. आणि त्याला, बंदुकीसमोर, एक तरी नाव घेणं भाग होतं. मग ते नाव पुसायला त्याला माझ्या घरापर्यंत यावं लागलं.

"अजून काही?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. चौथं कलम पाळलं.

१० – हजर

नगरला परतल्यावर तो दाखला घेऊन मी मिशन हायस्कुलात गेलो. रणभिसे सर हेडमास्तर होते, वडिलांचे विद्यार्थी. तिसऱ्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढला.

"रत्नाकर, हे काय? थोरल्या उजागरे मास्तरांचा मुलगा तू."

"खरं आहे, सर."

"खरं आहे?"

"हो. तेवढी ओळ खरी आहे."

का कुणास ठाऊक, त्यांनी घेतलं मला. पहिल्याच महिन्यात वर्गावर आले, मुलं मोजली, पट बघितला.

"उजागरे, सात पोरं कमी आहेत. पटावर सगळी?"

"असतील, सर. येतील."

"हे चालायचं नाही."

चाललं. शेरे आले, ताकिदी आल्या, दोनदा पगारवाढ थांबली. इन्स्पेक्टर हसायचे, म्हणायचे, उजागरे मास्तरांच्या वर्गात गोवरसुद्धा येत नाही. मी पेन्सिलीचा ठिपका कधीच दिला नाही. निवृत्त होईपर्यंत, बावीस वर्षं, माझ्या वर्गात एकही मूल गैरहजर नाही. खेळायला गेलेलं नाही, कापूस वेचायला गेलेलं नाही, आजारी नाही, मेलेलं नाही. कुठलं बोट कधी खाली येईल, सांगता येत नाही.

तिकडच्या मुलांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कुणाला विचारायचं, तेही माहीत नाही. सुवार्ता आहे तोवर वर्षातून एकदा, तेरा एप्रिलला, आम्ही दोघं ते पान मनाने उघडतो. ती नंबर घेते, मी म्हणतो.

तीन. हजर.

आठ. हजर.

अकरा, बारा, एकोणीस. हजर, हजर, हजर.

तेवीस. हजर.

एकतीस. हजर.

चौतीस, चाळीस. हजर.

सत्तावीस. ती आधीपासूनच हजर होती.

अस्फाव. त्याचा नंबर माझ्या पटावर नव्हता. सुवार्ता थांबते, माझ्याकडे बघते. मी रेघ ओढतो.